कार्लाइलच्या संघाचा एक हंगाम

कार्लाइल हे नाव निघाले म्हणजे आमच्या सुशिक्षित वाचकांस विभूतिपूजेवर व्याख्याने देणाऱ्या स्कॉटिश ग्रंथकाराची आठवण होणे साहजिक आहे. आज आम्ही ज्या कार्लाइलविषयी लिहीत आहो ते एक गाव आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी पेन्सिल्व्हेनिया या संस्थानात ते असून, तेथे इ. स. १८७९ पासून इ. स. १९१८ पर्यंत त्या देशाच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारने चालविलेली एक निवासी शाळा होती. या शाळेच्या फुटबॉल-संघाने इ. स. १९१२ च्या शरदात जो पराक्रम गाजविला त्याचे वृत्तांत पुष्कळांनी लिहिले आहेत, आणि विभूतिपूजेची हौस असणारांस त्यांत भरपूर सामग्री सापडते. परंतु खेळाच्या वृत्तांतात बहुधा गुणांचे आकडे असतात, शाळेची हकीकत नसते. आणि शाळेच्या हकीकतीत मुलांच्या हालअपेष्टा असतात, खेळाचा आनंद नसतो. ही दोन्ही बाडे शेजारी ठेवून वाचल्यावाचून त्या हंगामाचा खरा अर्थ कळत नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून तो प्रयत्न येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम नावाचा घोळ उलगडला पाहिजे. कोलंबस हिंदुस्थानचा मार्ग शोधावयास निघाला व भलत्याच भूमीस लागला. त्याच्या त्या चुकीमुळे तेथील लोकांस जे 'इंडियन' नाव चिकटले ते शतकानुशतके सुटले नाही. आपले नाव लावून वावरणारी ही माणसे म्हणजे एकच एक लोकसमूह आहे असेही कोणी समजू नये. ओजिब्वे, लाकोटा, होपी, अपाची, सॅक व फॉक्स अशा त्यांच्या शेकडो जमाती. प्रत्येकीची भाषा निराळी, रीतीभाती निराळ्या, आणि गोऱ्यांशी झालेल्या लढायांच्या व तहांच्या आठवणीही निराळ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या सर्वांस सरकारने आखून दिलेल्या राखीव मुलुखांत कोंडण्यात आले होते. भूमी तर गेली होतीच. आता मुलांचे काय करावयाचे, हा प्रश्न विजेत्यांपुढे उभा राहिला.

रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी कप्तानाने या प्रश्नाचे आपले उत्तर काढले. फ्लॉरिडातील एका किल्ल्यात ठेवलेल्या इंडियन युद्धकैद्यांवर देखरेख करीत असता त्याने त्यांस लिहावयावाचावयास शिकविले होते, आणि त्यावरून त्याची अशी खात्री झाली होती की बुद्धीने हे लोक कोणाहून कमी नाहीत. त्या काळचे बहुतेक अधिकारी त्यांस जन्मतःच हीन समजत असता प्रॅटने असे म्हणावे, ही गोष्ट त्याच्या बाजूने नमूद केलीच पाहिजे. परंतु त्याच्या उदारपणाची दुसरी बाजू भयंकर होती. माणूस वाचवावयाचा असेल तर त्याच्यातील इंडियन मारून टाकला पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार त्याने इ. स. १८९२ मध्ये एका सभेत काढले, आणि कार्लाइल येथील जुन्या लष्करी बराकींत त्याने जी शाळा उघडली ती याच तत्त्वावर चालली. मूल शाळेत आले की त्याचे लांब केस कापीत, अंगावरचे कपडे काढून लष्करी धर्तीचा गणवेष चढवीत, जुने नाव जाऊन इंग्रजी नाव मिळे, आणि मायबोलीत बोलल्यास शिक्षा होई. दिवसाचा अर्धा भाग पुस्तकांत व अर्धा सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम अशा कामांत जाई. काही महिने मुलांस गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला ठेवीत. एकशे चाळीसहून अधिक जमातींतील हजारो मुले या शाळेतून गेली. त्यांपैकी शेवटची परीक्षा उतरून प्रमाणपत्र घेतलेल्यांची संख्या आठशेंच्याही आत भरते. पुष्कळ पळून गेली, पुष्कळांस आजारी म्हणून घरी धाडण्यात आले, आणि क्षयासारख्या रोगांनी जी तेथेच वारली त्यांच्यासाठी शाळेला स्वतःचे स्मशान करावे लागले.

अशा या शाळेत फुटबॉल कसा आला, हे आता पाहू. येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे मैदानावर केवळ पायाने खेळतात तो खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमधील चेंडू अंडाकृती असतो. तो हाती घेऊन धावावयाचे, आणि धावणाऱ्यास प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन खाली पाडावयाचे. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी असतात. ठराविक खेपांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर चेंडू आपल्या पक्षाकडे राहतो, नाही तर दुसऱ्याकडे जातो. आणि प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेषेपलीकडे चेंडू नेला म्हणजे 'टचडाऊन' होऊन सर्वांत अधिक गुण मिळतात. त्या दिवसांत हा खेळ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा श्रीमंत विद्यापीठांचा अभिमानविषय होता व तितकाच हिंस्रही होता. गडी एकमेकांचे हात धरून प्रतिपक्षावर तुटून पडत, आणि त्या ढिगाऱ्याखाली माने व बरगड्या मोडत.

कार्लाइलच्या एका मुलाचा बाहेरच्या संघाशी खेळताना पाय मोडला, तेव्हा प्रॅटने बाहेरचे सामने बंद केले होते. काही काळाने सुमारे चाळीस मुले त्याच्याकडे आली व त्यांच्यातील एका वाक्पटू मुलाने सर्वांच्या वतीने अशी विनंती केली की त्यास हो म्हणणे भाग पडले. ही हकीकत प्रॅटनेच पुढे लिहून ठेवली आहे. परवानगी देताना त्याने दोन अटी घातल्या. पहिली अशी की, प्रतिपक्षाने ठोसा मारला तरी तुम्ही उलट मारावयाचा नाही. कारण तुम्ही हात उगारलात की पाहणारे म्हणतील, पाहा, हे रानटी ते रानटीच. दुसरी अट अशी की, दोनचार वर्षांत तुम्ही देशातील सर्वांत बलाढ्य संघास जिंकून दाखवावयाचे. मुलांनी दोन्ही अटी मान्य केल्या. पहिल्या अटीचा विचार करावा तितका थोडा आहे. ज्यास मार खाऊनही हात आवरावा लागतो आणि तरीही जिंकावे लागते, त्यास डोके दुप्पट चालवावे लागते. कार्लाइलच्या खेळास पुढे जे चातुर्याचे वळण लागले त्याचे एक कारण आम्हांस येथे दिसते.

इ. स. १८९९ मध्ये ग्लेन वॉर्नर हा तरुण प्रशिक्षक म्हणून तेथे आला. कॉर्नेल विद्यापीठात त्याने कायद्याचा अभ्यास केला होता, आणि नियमांच्या शब्दांत कोठे फट आहे हे हुडकण्याची वकिली दृष्टी त्याने खेळातही आणली. इ. स. १९०३ मध्ये हार्वर्डशी झालेल्या सामन्यात त्याच्या गड्यांनी चेंडू एका खेळाडूच्या सदऱ्यात पाठीवर लपविला. त्यासाठी सदऱ्याच्या कडेला शिंप्याकडून लवचीक पट्टी शिवून घेतली होती. सारे गडी पोटाशी हात धरून चेंडू असल्याचा आव आणीत चोहोकडे पळाले; हार्वर्डचे विद्वान ज्याच्यामागे धावावयास हवे त्यास सोडून भलत्यांच्या मागे धावले. नियमात अशी युक्ती करू नये असे कोठेही लिहिलेले नव्हते. तो सामना हार्वर्डने १२ विरुद्ध ११ असा कसाबसा जिंकला, पण हसू मात्र त्यांचे झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी साऱ्या खेळावरच संकट आले. इ. स. १९०५ च्या एका हंगामात देशभर दीड डझनाहून अधिक खेळाडू प्राणास मुकले, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रमुखांस व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले, आणि इ. स. १९०६ मध्ये नवे नियम झाले. त्यांतील मुख्य असा की, चेंडू हाताने पुढे फेकण्यास मुभा मिळाली. गर्दी करून रेटण्यापेक्षा मोकळ्या मैदानात धावणाऱ्यास आता महत्त्व आले. कार्लाइलचे गडी विद्यापीठांतील गड्यांहून वजनाने हलके, पण पायाने चपळ. धनवंतांच्या संघांनी ज्या नियमाकडे संशयाने पाहिले तोच यांनी आपलासा केला, आणि इ. स. १९०७ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठास २६ विरुद्ध ६ व हार्वर्डला २३ विरुद्ध १५ गुणांनी हरविले. हार्वर्डवर त्यांचा हा पहिलाच जय. इ. स. १९११ मध्ये पुन्हा हार्वर्डवर १८ विरुद्ध १५ असा विजय मिळाला. त्या दिवशी जिम थॉर्प नावाच्या तरुणाने दुखऱ्या पायाने चार वेळा गोल साधला.

जिम थॉर्प हा सॅक व फॉक्स जमातीचा. इ. स. १९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याने पाच कसरतींची व दहा कसरतींची अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. त्याच शाळेचा होपी जमातीचा लुइस तेवानिमा दहा हजार मीटरच्या धावण्यात दुसरा आला. ज्या देशाच्या नावाने ही पदके आली त्या देशाचे नागरिकत्व सर्व मूळ रहिवाशांस अद्याप मिळालेले नव्हते. तो कायदा इ. स. १९२४ मध्ये झाला. थॉर्प परत आला तो शाळेच्या संघाचा कर्णधार म्हणून. त्याच्या जोडीला सूत्रचालक म्हणून ओजिब्वे जमातीचा गस वेल्च, मध्यावर जो बर्गी, पळण्यात तरबेज असा अ‍ॅलेक्स आर्कासा, आणि रांगेत भक्कम उभा राहणारा ओजिब्वे जमातीचाच जो गायन. वाचकांनी यांपैकी गस वेल्चचे नाव विशेष ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्या वर्षी नियम पुन्हा बदलले. दहा यार्ड सरकण्यास तीनऐवजी चार खेपा मिळू लागल्या, टचडाऊनचे पाचाऐवजी सहा गुण झाले, आणि चेंडू किती दूर फेकावा यावरील मर्यादा उठली. जणू काही हे सर्व कार्लाइलच्या सोयीसाठीच चालले होते! ता. २१ सप्टेंबर रोजी ऑल्ब्राइट कॉलेजास ५० विरुद्ध ७ असे हरवून हंगामास आरंभ झाला. मग लेबनन व्हॅलीवर ४५, डिकिन्सनवर ३४ आणि व्हिलानोव्हावर ६५ गुण चढविले व तिघांसही एक गुण मिळू दिला नाही. वॉशिंग्टन व जेफर्सन कॉलेजाशी मात्र एकाही पक्षास गुण मिळाला नाही; थॉर्पच्या लाथा त्या दिवशी गोलास लागेनात. आदल्या वर्षी ज्या सिरॅक्यूजने एका गुणाने हरविले होते त्याचा ३३ विरुद्ध शून्य असा समाचार घेण्यात आला. पिट्सबर्ग ४५ विरुद्ध ८, जॉर्जटाउन ३४ विरुद्ध २०. जॉर्जटाउनचा सामना वॉशिंग्टन शहरी शनिवारी झाला, आणि सोमवारी हीच मुले सरहद्द ओलांडून कॅनडातील टोरांटोच्या मैदानात उतरली व ४९ विरुद्ध १ अशी जिंकली. पुढल्या शनिवारी लीहाय विद्यापीठ ३४ विरुद्ध १४.

हे आकडे वाचून मन प्रसन्न होते खरे. पण वाचणाराने क्षणभर थांबून तारखाही पाहाव्या. एकंदर चौदा सामने सत्तर दिवसांच्या आत खेळले गेले, आणि त्यांतील मोठे सामने बहुतेक परगावी. याचे कारण सरळ होते. कार्लाइल हे लहान गाव. तिकिटांचा पैसा जमे तो मोठ्या शहरांत. तेथे लोक फुटबॉल पाहावयास येतच, पण 'इंडियन' पाहावयास त्याहून अधिक येत. वर्तमानपत्रांतून या सामन्यांची वर्णने कवट्यांची कातडी सोलणे, युद्धाची वाटचाल अशा भाषेत येत. म्हणजे शाळेच्या वर्गांत ज्या इंडियनपणाचा नायनाट चालला होता, त्याच इंडियनपणाची शाळेच्या मैदानावर तिकिटे विकली जात होती. ही विसंगती त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आली.

आता त्या हंगामातील सर्वांत गाजलेल्या दिवसाकडे वळू. ता. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट येथे कार्लाइलचा संघ अमेरिकन सैन्याच्या अधिकारी-विद्यालयाशी भिडला. बावीस वर्षांपूर्वी, इ. स. १८९० च्या डिसेंबरात, साऊथ डकोटातील वूंडेड नी येथे याच सैन्याच्या घोडदळाने लाकोटा लोकांची कत्तल केली होती व तीत बायकामुलेही मोठ्या संख्येने मारली गेली होती. सामन्यापूर्वी वॉर्नरने आपल्या मुलांस सांगितले म्हणतात की, तुमच्या बापआज्यांशी लढले त्यांचे हे पुत्र व नातू आहेत, एवढे विसरू नका. संघातील आम्ही वर नावे दिलेल्या गड्यांत लाकोटा कोणी नव्हता. तरी सैन्याशी झगडा न झालेली जमात त्या देशात विरळाच, आणि या मुलांस ते सांगावयास प्रशिक्षकाची गरज होती असेही नाही. ज्या बराकींत ती झोपत त्या त्याच सैन्याच्या होत्या.

पहिला टचडाऊन सैन्याचा झाला, परंतु त्यावरील जादा गुण हुकला. मग कार्लाइलच्या बर्गीने रेषा ओलांडली, जादा गुणही साधला, आणि मध्यंतरास फळ्यावर ७ विरुद्ध ६ एवढाच फरक दिसत होता. दरम्यान कार्लाइलच्या एका गड्यास ठोसा मारल्याबद्दल मैदानाबाहेर जावे लागले. प्रॅटची पहिली अट त्या दिवशी मोडली. उत्तरार्धाच्या आरंभीच सैन्याचा धिप्पाड कर्णधार लेलँड डिव्होर याचा तोल सुटला. पूर्वार्धभर जो गायनने त्यास हैराण केले होते. तो संतापून गायनच्या अंगावर कोसळला, आणि पंचांनी त्यासही बाहेर काढले. म्हणजे रानटीपणा कोणाच्या रक्तात असतो, या प्रश्नाचे उत्तर त्या मैदानावर तरी निर्विवाद मिळाले नाही.

त्यानंतर खेळ एकतर्फी झाला. वॉर्नरने रांगेच्या दोन्ही टोकांस एकेक पळणारा उभा करण्याची जी नवी व्यूहरचना बसविली होती तिचा उलगडा सैन्याच्या गड्यांस होईना. चेंडू कोणाच्या हाती आहे हे कळेपर्यंत तो दहा यार्ड पुढे गेलेला असे. थॉर्पभोवती प्रतिपक्षाची गर्दी होई आणि त्या गर्दीचा फायदा घेऊन आर्कासा निसटे. त्याने एकंदर तीन टचडाऊन केले. सैन्याच्या बाजूने ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा बावीस वर्षांचा एक तरुण खेळत होता. थॉर्पला पाडण्याच्या नादात त्याची आपल्याच जोडीदाराशी टक्कर झाली आणि दोघांसही मैदान सोडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सेनांचे आधिपत्य करणारा व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर तो हाच; थॉर्पचा तो खेळ त्यास उतारवयातही आठवत असे. अखेर कार्लाइल २७, सैन्य ६. अ‍ॅलेक्स आर्कासा, जो बर्गी, जिम थॉर्प व गस वेल्च यांच्या पक्षाने सरकारी सैन्याचा पराभव केला होता. त्या सैन्याने घेतलेल्या भूमीपैकी मात्र एक वीतही कोणास परत मिळावयाची नव्हती.

एवढ्या मोठ्या दिवसानंतर पाय थोडा सैल पडावा हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. पुढल्याच शनिवारी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४ विरुद्ध २६ असे हरविले. हंगामातील हा एकुलता एक पराभव. नंतर स्प्रिंगफील्डवर ३० विरुद्ध २४ असा निसटता विजय मिळाला, आणि ता. २८ नोव्हेंबर रोजी प्रॉव्हिडन्स येथे ब्राउन विद्यापीठास ३२ विरुद्ध शून्य असे हरवून हंगामाची समाप्ती झाली. चौदा सामन्यांपैकी बारा जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक हरला. स्वतःचे गुण ५०४, प्रतिपक्षांचे सर्व मिळून ११४. वास्तविक कॉलेजही नसलेल्या एका औद्योगिक शाळेने देशातील विद्यापीठांशी खेळून हा हिशेब मांडला होता.

येथे लेखणी खाली ठेवता आली असती तर गोष्ट गोड झाली असती. परंतु दुसरे बाड उघडणे प्राप्त आहे. इ. स. १९१३ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत असे प्रसिद्ध झाले की, थॉर्प इ. स. १९०९ व १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना येथे अल्पशा वेतनावर बेसबॉल खेळला होता. त्या काळी अनेक कॉलेजांतील मुले उन्हाळ्यात असे खेळत, पण खोटे नाव घेऊन. थॉर्प आपल्या खऱ्या नावाने खेळला, हाच त्याचा अपराध ठरला. हरकत घेण्याची तीस दिवसांची मुदत केव्हाच संपली असताही त्याची दोन्ही पदके परत घेण्यात आली. शाळेने व प्रशिक्षकाने आपणांस काहीच माहीत नव्हते असा पवित्रा घेतला. थॉर्प शाळा सोडून दोन वर्षे कोठे होता हे त्यास परत बोलावून घेणाऱ्यांस ठाऊक नसावे, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. ज्यांच्या कीर्तीचे ओझे त्याने वाहिले त्यांनी अडचणीच्या वेळी त्यास एकटे उभे केले.

आणि आता गस वेल्चचे काम. वेस्ट पॉइंटच्या मैदानावर ज्याच्या इशाऱ्यावर संघ हलत होता त्याच मुलाने दोनशेंहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज तयार करवून तो लोकप्रतिनिधींपर्यंत पोचविला, व शाळेची चौकशी करावी अशी मागणी केली. त्या विजयानंतर पंधरा महिन्यांनी, इ. स. १९१४ च्या फेब्रुवारीत, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती कार्लाइल येथे आली. तिच्यापुढे जी साक्ष झाली ती वाचून मन विषण्ण होते. सामन्यांच्या उत्पन्नाचा निधी सरकारी हिशेबाच्या बाहेर ठेवलेला होता. त्यातून खेळाडूंस पैसे व भेटी मिळत, वर्तमानपत्रांच्या लोकांसही पैसे पोचत. खेळाडूंची राहण्याची व्यवस्था निराळी, जेवणही निराळे व चांगले. इतर मुले मात्र अपुऱ्या अन्नाची तक्रार करीत होती. एका मुलीस फळीने मारल्याचे प्रकरण पुढे आले. वॉर्नर खेळाडूंस शिवीगाळ करतो, हे स्वतः वेल्चने सांगितले. परिणामी अधीक्षकास जावे लागले, जरी पुढे खटल्यात तो निर्दोष सुटला. वॉर्नर त्या वर्षअखेर पिट्सबर्गला निघून गेला आणि तेथे आणखी कीर्ती मिळविता झाला.

आमच्या मते वेल्चचे हे कृत्य वेस्ट पॉइंटच्या विजयाहून कमी योग्यतेचे नाही. विचार करा: निराळ्या जेवणाचा लाभ ज्यांस मिळत होता त्यांपैकीच तो एक. गप्प बसला असता तर त्याचे काहीही बिघडत नव्हते. शाळेने त्यास सैनिकी शिस्त शिकविली, इंग्रजी शिकविले, लोकांपुढे उभे राहण्याचे धैर्य दिले, हे कोणी नाकारू नये. परंतु हे सर्व ज्या हेतूने दिले होते त्याच्या उलट हेतूने त्याने ते वापरले. परक्या सत्तेच्या शाळेत शिकलेल्यांनी तिचीच भाषा वापरून तिला जाब विचारावा, ही गोष्ट आपल्या देशातील वाचकांस अपरिचित नाही. वेल्चने पुढे कायद्याचा अभ्यास केला, पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी म्हणून काम केले, आणि नंतर वॉशिंग्टन संस्थानातील कॉलेजात फुटबॉलचा प्रशिक्षक झाला.

कार्लाइलची शाळा इ. स. १९१८ मध्ये बंद पडली. युद्धातील जखमी सैनिकांस इस्पितळ हवे होते म्हणून सैन्याने आपल्या बराकी परत घेतल्या. ५०४ गुण मिळविणाऱ्या संघाची शाळा सहा वर्षांत नाहीशी झाली, आणि ती जाण्याने फुटबॉलचे रसिक हळहळले असले तरी जमातींतील पुष्कळ आईबाप हळहळले असतील असे म्हणवत नाही. थॉर्प इ. स. १९५३ मध्ये वारला. इ. स. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याचे नाव विजेत्यांत पुन्हा घातले, पण दुसऱ्याच्या बरोबरीने. एकट्याचा विजेता म्हणून त्याची नोंद व्हावयास इ. स. २०२२ साल उजाडावे लागले. म्हणजे एकशे दहा वर्षे लागली. शाळेच्या स्मशानातील मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींच्या स्वाधीन करण्यास इ. स. २०१७ पासून आरंभ झाला, आणि इ. स. २०२४ च्या डिसेंबरात ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

तर मग इ. स. १९१२ चा तो विजय कोणाचा, असा प्रश्न उरतो. प्रॅटचे पुरस्कर्ते म्हणतील, आमच्या शिक्षणाचा. वॉर्नरचे चाहते म्हणतील, त्याच्या युक्तीचा. या दोघांचा वाटा शून्य होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु शिक्षणाचा हेतू त्या मुलांतील मूळ माणूस पुसून टाकणे हा होता, आणि मैदानावर जिंकला तो न पुसला गेलेला माणूस. युक्ती वॉर्नरची असेल. मार खाऊन हात आवरण्याचा, सत्तर दिवसांत चौदा वेळा परक्या डोळ्यांपुढे उभे राहण्याचा आणि वर हसतमुख राहण्याचा भार त्याच्या अंगावर नव्हता. चेंडू घेऊन धावताना त्या मुलांस जो आनंद झाला असेल तो तरी कोणास निधीत जमा करता आला नाही. शाळेने त्यांच्याकडून नाव, केस व भाषा घेतली. खेळ तिने आपल्या फायद्यासाठी दिला, आणि त्यांनी तो आपला करून टाकला. त्या हंगामाच्या आकड्यांकडे पाहताना स्मशानातील लहान दगडांच्या ओळीही डोळ्यांपुढे ठेवाव्या, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत आहे.